संत्र्याचं मार्मालेड कडू का होतं, पातळ का राहतं आणि तुळस काळी का पडते

तुम्ही चेंबूरहून विचारलंय: जानेवारीत दादरच्या मंडईतून दोन किलो नागपुरी संत्री आणली, साली-बियांसकट मिक्सरमधून काढली, साखर घालून दीड तास आटवली. मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला संत्र्यांचा मुरांबा, कडूजहर झालं आणि तरीही पातळच राहिलं. उकळताना घातलेली तुळस काळी पडली. उरलेल्या संत्र्यांचा रस दुधात घालून बर्फी करायला घेतली, तर दूध फाटलं. आणि मागच्या पावसाळ्यात साखरेत घोळवून ठेवलेल्या सालींचा डब्यात चिकट गोळा झाला.

विलेपार्ल्याच्या माझ्या स्वयंपाकघरात मी गेली एकवीस वर्षं मुरांबे, मार्मालेड आणि वड्या करून विकते. यातलं प्रत्येक दुखणं मी स्वतः भोगलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मुळाशी एकच गोष्ट आहे. संत्रं, मोसंबी, लिंबू, पपनस यांतल्या कुठल्याही फळाची वास, घट्टपणा आणि आंबटपणा ही तीन कामं फळाच्या तीन वेगळ्या भागांत वाटलेली असतात. वास सालीच्या बाहेरच्या रंगीत थरातल्या तेलात असतो. घट्टपणा देणारं पेक्टिन पांढऱ्या अस्तरात, फोडींच्या पापुद्र्यांत आणि बियांभोवती. आंबटपणा रसात. कडवटपणा पांढऱ्या भागात आणि बियांत. सगळं एकदम भांड्यात टाकलं की एकाला हवं ते दुसऱ्याला मारतं. पेक्टिनला पाण्यात रटरटणं लागतं, त्याच आचेवर तेल उडून जातं.

आधी कडवटपणाचं बघू. मोसंबीचा ताजा रस गोड लागतो आणि तासाभराने कडवट, हे रसाच्या गाडीवर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे. फळात असताना जो पदार्थ कडू नसतो, तोच रस काढल्यावर आंबटाच्या संगतीत हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलतो, आणि लिमोनिन फार थोडं असलं तरी जिभेला कळतं. उष्णतेने ही क्रिया आणखी वेगात होते. बियांत ते भरपूर असतं. तुम्ही बिया मिक्सरमध्ये वाटल्यात आणि वर दीड तास उकळलंत, कडवटपणाचं कारण तेच. किनो नावाची जी चकचकीत, घट्ट सालीची संत्री उत्तरेकडून हिवाळ्यात येतात, त्यांच्या रसात हे आणखी जास्त होतं. ती खायला उत्तम, पण मार्मालेडला मी घेत नाही. पपनसाचा कडवटपणा वेगळा, तो नारिंजिन या द्रव्याचा, आणि तो पाण्यात उतरतो. म्हणून पपनसाची साल उकळून पाणी फेकलं की निम्मं काम होतं. बियांचा कडवटपणा असा धुऊन जात नाही, त्यामुळे बिया फुटू न देणं हाच उपाय.

आता पातळपणा. विलायती मार्मालेड स्पेनमधल्या ज्या सेव्हिलच्या कडू संत्र्यांचं करतात, ती आंबट असतात आणि पेक्टिनने गच्च भरलेली. आपलं नागपुरी संत्रं मँडरिनच्या जातीचं. सैल साल, पातळ अस्तर, गोड रस. खाण्यासाठी त्याला तोड नाही, पण घट्ट होण्यासाठी लागणारा आंबटपणा आणि पेक्टिन दोन्ही त्याच्यात कमी. पेक्टिन घट्ट धरायला साखर साधारण 65 टक्के व्हावी लागते आणि मिश्रण चांगलं आंबट असावं लागतं. नुसतं आटवत राहिलं तर साखर वाढते, पण तासभराच्या उकळीत पेक्टिनच तुटत जातं. म्हणून तुमचं मार्मालेड जितकं शिजलं तितकं चिक्कीच्या पाकासारखं झालं असणार, मुरांब्यासारखं नाही.

यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे कागदी लिंबू. सात-आठ लिंबांच्या बिया अर्धी वाटी पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी त्या पाण्यात बोट घाला. ते बुळबुळीत लागेल, चमच्याने उचललं तर तार धरून खाली येईल. हेच पेक्टिन. हे पाणी मी कधीच फेकत नाही.

माझं माप सांगते. एक किलो संत्री, म्हणजे मध्यम आकाराची सात-आठ. त्यापेक्षा जास्तीचा घाणा एका वेळी करू नका. तुमचा दोन किलोंचा होता, तो आटायला वेळ लागणारच. पाच कागदी लिंबं. 800 ग्रॅम साखर. पाऊण लिटर पाणी. संत्री गरम पाण्यात घालून ब्रशने घासून घ्या. सोललेल्या सालींच्या आतल्या पांढऱ्या शिरा आणि अस्तर सुरीने खरवडा, पण टाकू नका. साल सुतासारखी बारीक चिरा. चिरलेली साल साध्या पाण्यात पाच मिनिटं उकळून ते पाणी फेका. नागपुरी सालीला एकदाच पुरे, दोनदा केलं तर वासही जातो. मग खरवडलेलं अस्तर, पापुद्रे, संत्र्याच्या आणि लिंबाच्या बिया (अख्ख्या) मलमलच्या पुरचुंडीत बांधा. चिरलेली साल, पुरचुंडी, संत्र्याचा रस, निम्म्या लिंबांचा रस, बियांचं बुळबुळीत पाणी आणि मापातलं पाणी एकत्र करून मंद आचेवर पाऊण तास ठेवा.

साखर अजून घालायची नाही. इथे बहुतेकांची घाई होते. साखर पडली की साल मऊ व्हायची थांबते. पाकात कितीही शिजवली तरी ती चामड्यासारखी वातड राहते. सालीचा तुकडा दोन बोटांत दाबून बघा. लोण्यासारखा चेपला पाहिजे, नुसता वाकला तर अजून दहा मिनिटं. पुरचुंडी थंड करून ताटलीवर घट्ट पिळा. कापडातून दाट, ढगाळ असं काहीतरी बाहेर येईल, ते भांड्यात परत घाला. सगळं मार्मालेड त्याच्यावर उभं आहे.

आता साखर आणि उरलेला लिंबाचा रस. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आच, मग मात्र गॅस मोठा. पसरट भांडं घ्या, उंच पातेलं नको. स्टीलचं जाड बुडाचं चालतं. अॅल्युमिनियमची कढई किंवा कल्हई उडालेलं पितळ्याचं पातेलं आंबट पदार्थाला अजिबात वापरू नका, धातू उतरतो. बारा ते अठरा मिनिटांत बुडबुड्यांचा आवाज बदलतो. आधी फेस हलका आणि भराभर फुटणारा असतो, मग बुडबुडे मोठे, जड होतात आणि फुटताना मऊ फटकारा मारतात. तापमापक असेल तर 104 ते 105 अंश. आपण समुद्रसपाटीला आहोत म्हणून हा आकडा. महाबळेश्वरला पाणीच 95-96 अंशांना उकळतं, तिथे हाच आकडा चार-पाच अंशांनी खाली येतो. तापमापक नसेल तर फ्रीजरमध्ये बशी ठेवा, तिच्यावर थेंब टाका, मिनिटभराने बोटाने ढकला. थेंबावर सुरकुती पडली की गॅस बंद. बशी बघत असतानाही गॅस बंदच ठेवायचा, नाहीतर बघता बघता पुढे जातं.

बंद केल्यावर दहा-बारा मिनिटं हात लावू नका. लगेच भरलं तर सगळी साल वर तरंगते आणि खाली नुसता पाक राहतो. मग गरम बाटल्यांत गरम मार्मालेड. बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळून ओव्हनमध्ये पूर्ण कोरड्या केलेल्या हव्यात, झाकणंसुद्धा. साधारण सव्वा किलो निघतं. ते पूर्ण धरायला कधीकधी दोन दिवस घेतं, त्यामुळे पहिल्या रात्री पातळ वाटलं म्हणून परत गॅसवर चढवू नका.

मार्मालेड हे काही आपल्याला परकं नाही, हेही सांगायला हवं. उपासाचं लिंबाचं गोड लोणचं म्हणजे कागदी लिंबाचं मार्मालेडच की. मीठ, साखर, जिरेपूड, आणि साल मऊ व्हायला बरणीतले महिने. तिथे आचेचं काम दिवस करतात. घाई असेल तर लिंबं आधी कुकरला दोन शिट्ट्या देऊन घेतात, मग चिरून साखर. क्रम तोच: साल आधी मऊ, साखर नंतर. तुमच्या घरात हे लोणचं होत असेल तर करणाऱ्या बाईंच्या शेजारी एकदा उभ्या राहा. मी आजेसासूबाईंकडून जे शिकले ते थर्मामीटरने पुढे फक्त पक्कं केलं.

आता तुळस. हिरव्या पानाचा हिरवेपणा आंबटात आणि आचेवर टिकत नाही, हरितद्रव्याचा रंग बदलून शेवाळी-तपकिरी होतो. पुदिन्याची चटणी लिंबू पिळून ठेवली की दुपारपर्यंत मळकट दिसते, तोच प्रकार. त्यामुळे मुरांब्यात हिरवं पान दिसावं हा हट्ट सोडा, वास तेवढा घ्या. वास घ्यायची वेळ म्हणजे गॅस बंद केल्यानंतरची ती दहा-बारा मिनिटं. पानं तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एक चापट मारा, धाग्याने जुडी बांधा, भांड्यात बुडवा, झाकण ठेवा. भरायच्या आधी काढून टाका. तुळशीचा वास लवंगेच्या अंगाचा असतो, जास्त झाला तर काढा प्यायल्यासारखं वाटतं. किलोभर संत्र्यांना बारा-पंधरा पानं पुरतात. आमच्याकडे तिन्हीसांजेला तुळस तोडत नाहीत, म्हणून मी सकाळीच तोडून ओल्या फडक्यात ठेवते.

गवती चहा मला संत्र्याबरोबर तुळशीपेक्षाही आवडतो. त्याच्या तेलात मुख्य वाटा सिट्रल या लिंबाच्या वासाच्या द्रव्याचा, आणि लिंबाच्या सालीतही सिट्रल असतं, म्हणून दोघं एकमेकांत मिसळून जातात. पावसाळ्यात भाजीवालीकडे आलं-पुदिन्याबरोबर चहाची जुडी मिळते, तीच घ्या. पातींच्या कडा धारदार असतात, चिरून घातल्या तर काढताना जीव जातो, म्हणून गाठ मारून घालायच्या. हा जरा चिवट, त्याला पाच मिनिटं मंद आच चालते. पुदिन्याला अजिबात चालत नाही. पुदिना मी साखरेबरोबर खलबत्त्यात कुटते, मूठभर पानं आणि चार चमचे साखर, आणि ती हिरवी ओली साखर गार मोसंबीच्या फोडींवर वाढायच्या वेळी भुरभुरवते. तो पदार्थ पाच मिनिटांचा, टिकवायचा नाही. क्रॉफर्ड मार्केटला आणि वांद्र्याच्या पाली मार्केटात रोझमेरी, थाईम ही विलायती वासाची पानं मिळतात. रोझमेरी बोटभर लांबीची एकच काडी, त्यापुढे साबणाचा वास येतो.

एक कळकळीची सूचना. बाटलीत शोभेसाठी पुदिन्याची किंवा तुळशीची काडी ठेवू नका. मी सुरुवातीच्या वर्षांत एका दुकानाच्या दिवाळीच्या ऑर्डरला तीस बाटल्यांत तशा ठेवल्या होत्या. दिसायला सुंदर दिसल्या. पानातलं पाणी वरच्या थरात उतरलं, तिथली साखर पातळ झाली आणि तीन आठवड्यांत एकोणीस बाटल्यांवर बुरशी आली. पैसे परत केले, पण त्या दुकानवाल्या काकूंचा विश्वास परत मिळवायला दोन वर्षं लागली.

बर्फीकडे येते. दुधातलं केसिन हे प्रथिन आंबटाने पनीरसारखं एकत्र गोळा होतं आणि पाणी सुटतं. दूध पातळ आणि गरम असताना संत्र्याचा रस पडला तर ते फाटणारच, हात कितीही हलका असो. म्हणून खव्यात रस कच्चा घालायचाच नाही. चार संत्र्यांच्या फोडी पापुद्रे आणि बिया काढून, दोन चमचे साखरेबरोबर वेगळ्या कढईत शिजवा. पळी फिरवल्यावर बूड दिसेल इतका गर आटू द्या आणि पूर्ण गार करा. अर्धा किलो खवा मंद आचेवर तूप सुटेस्तोवर परता, 150 ग्रॅम साखर घालून आटवा, गॅस बंद करा, कोमट झाल्यावर गर मिसळा. खव्यात मोकळं पाणी फारसं उरलेलं नसतं, त्यामुळे फार तर बारीक कण येतो आणि तो छान लागतो. सर्वात शेवटी एका संत्र्याची किसलेली साल. किसताना फक्त केशरी भाग निघाला पाहिजे, पांढरं दिसायला लागलं की फळ फिरवा. ही किसलेली साल आधी चमचाभर साखरेत बोटांनी चोळून घ्या. साखर ओली, केशरी होते आणि खोलीभर वास सुटतो, कारण तेल साखरेच्या दाण्यांनी खरडलं जाऊन त्यांच्यावरच बसतं. बासुंदीलाही हेच: पूर्ण गार झाल्यावर फोडी, आधी नाही.

आणि मनापासून सांगू? दुधाच्या गोडात या फळांचा खरा सोबती खवा नाही, चक्का. तो आधीच आंबवलेला, त्याला फाटायची भीती नाही. पाडव्याला श्रीखंड करता तेव्हा किलोभर चक्क्याला दोन मोसंब्यांची साल साखरेत चोळून घाला, वेलदोडा त्या दिवशी पूर्ण वगळा, आणि पाकवलेली साल बारीक चिरून वर टाका. माझ्याकडे जे केशराशिवाय श्रीखंड मानत नाहीत, तेच आता फेब्रुवारीपासून याची विचारणा करतात.

राहिली साल. मुंबईत जून ते सप्टेंबर ती सुकत नाही, हे मान्य करूनच चालावं लागतं. साखर हवेतलं पाणी ओढते आणि जुलैत हवेत पाण्याशिवाय काही नसतं. म्हणून मी कोरडी साल नोव्हेंबर ते मार्चच करते. नाताळच्या केकसाठी वांद्र्याहून मागणी येते ती नोव्हेंबरातच. जाड सालीचं फळ घ्या. पपनस गणपतीच्या सुमारास बाजारात येतं, त्याची बोटभर जाड साल सुंदर होते. म्हाळुंग मिळालं तर सोडू नका. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असतं तेच फळ, जवळजवळ सगळं सालच. पपनसाच्या सालीचे तुकडे मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी फडक्यासारखे पिळा, तीनदा पाणी बदलून उकळा. तुकडे आकारात राहायला हवे असतील तर पेठ्यासारखं करा: खायचा चुना पाण्यात कालवून, निवळ होऊ देऊन, फक्त वरच्या निवळीत दोन तास ठेवा आणि नंतर चार पाण्यांनी धुवा. मग पाक. सुरुवातीला अगदी पातळ, साखर आणि पाणी समसमान. साल त्यात दहा मिनिटं उकळून रात्रभर तशीच. दुसऱ्या दिवशी साल काढून पाक थोडा आटवायचा, साल परत त्यात. असे चार-पाच दिवस, शेवटी दोनतारी. एकदम दाट पाकात टाकली तर आतलं पाणी झरकन बाहेर येतं आणि साल आक्रसते. पाकात सुरुवातीलाच चमचाभर लिंबाचा रस हवा, त्याने साखरेचे काही रेणू फुटतात आणि पाक साखरत नाही. मग जाळीवर पंख्याखाली दोन दिवस, त्यानंतरच साखरेत घोळवायची. तुम्ही ओलसर असतानाच घोळवली असणार.

पावसाळ्यात पपनसाची साल हाताशी असेलच तर ती पाकातच बुडवून बाटलीत ठेवा, दसऱ्यानंतर काढून सुकवा. तो उरलेला पाक पपनसाच्या सालीचा वास घेऊन इतका सुंदर होतो की आमच्याकडे तो सालीआधी संपतो.

आत्ताच्या तुमच्या मार्मालेडबद्दल. बिया वाटल्या गेल्यात, तो कडवटपणा आता निघणार नाही, त्यामुळे परत उकळून ते आणखी बिघडवू नका. गाळणीतून गाळा, किलोला दोन लिंबांचा रस आणि पाव चमचा मीठ घाला. मिठाने कडू जिभेला बरंच कमी लागतं. फ्रीजमध्ये ठेवून महिनाभरात वापरा, दोन चमचे गार सोड्यात, वर हातावर चापट मारलेला पुदिना. संत्री अजून महिना-दीड महिना येत राहतील. पुढचा घाणा एक किलोचाच करा, आणि लिंबाच्या बिया आज रात्रीच भिजत घाला.